महेबूबची चुन्याची थप्पी

आमचा महेबूब वखारवाला बायकोचं ऐकत नाही पण बाभळीचं ऐकतो, ही बातमी गल्लीत मीच सोडली होती. खोटं त्यात काही नव्हतं. बाभळीच्या सरपणाची दोन फाटी हातात घ्यायचा, एकमेकांवर आपटायचा आणि मान वाकडी करून उभा राहायचा. सासरच्या पंगतीत जावई आपल्याला कधी हाक मारतात ते ऐकत थांबतो, तसा. बद्द असा आवाज आला की फाटं परत थप्पीवर. टण्ण वाजलं की स्वतःशीच म्हणायचा, 'हां, झालं हे.' मी माझ्या खानावळीच्या ओट्यावरून हे बघायचो आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला बोलावून दाखवायचो. त्याच्या बायकोच्या, बेगमबीच्या, कानावर माझी बातमी गेली तेव्हा तिनं महिनाभर माझ्याकडं बघून पदर तोंडावर ओढला, आणि ईद आली तसा वाटीभर शीरखुर्मा भिंतीवरून पाठवून दिला. त्या घराला राग धरता यायचा नाही. धरता आला असता तर मला पुढं एवढं जड गेलं नसतं.

मी रेवणप्पा. लातुरात गंजगोलाईच्या मागं माझी खानावळ, आणि खानावळीला लागून महेबूबची लाकडाची वखार. मधे एकच भिंत, तीही डोक्याएवढी. माझ्याकडं ज्वारीच्या भाकरी थापल्याचा आवाज, त्याच्याकडं कुऱ्हाडीचा. दोन्ही आवाज थांबले की आमच्या गप्पा सुरू. गप्पा म्हणजे बोलायचो मी. कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कुठल्या सावकाराच्या पोरीचं लग्न कशामुळं मोडलं, सगळा माल माझ्याकडं. महेबूब ऐकायचा, हसायचा, आणि शेवटी एवढंच विचारायचा, "अप्पा, यातलं खरं किती?" मी म्हणायचो, निम्मं. तो म्हणायचा, "मंग हे अजून ओलंच हाय."

त्याच्या धंद्यात ओलं आणि वाळलं याशिवाय तिसरी जात नव्हती. माल यायचा थंडीत. झाडाच्या अंगातलं पाणी खाली गेल्यावरच तोडायचं, हा त्याच्या बापाचा नियम. किल्लारीचे हणमंतराव, चांगले बागायतदार माणूस, त्यांच्या बांधावरच्या बाभळी दरसाल महेबूबच घ्यायचा. गाडी आली की वखारीत आंबूस वास सुटायचा. कापलेली तोंडं लालसर, ओली, बोट लावलं तर चिकटणारी. त्यावर मुंग्या रांगा लावून यायच्या. जमिनीला लाकूड टेकू द्यायचं नाही म्हणून तो खाली दोन जाड ओंडके टाकायचा, त्यावर आडवी थप्पी रचायचा, फाट्याफाट्यात हात जाईल एवढी फट ठेवायचा. वर पत्रा, बाजू मोकळ्या. मग त्याला काम नसायचं. तो नुसता बघायचा.

आणि तो बघायचा म्हणून मीही बघायला शिकलो. संक्रांतीपर्यंत मुंग्या निघून जातात. होळीच्या सुमाराला तोंडाचा लाल रंग उडतो आणि गाभ्यापासून कडेपर्यंत बारीक चिरा पडतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. सालीवर डिंकाचे मणी आलेले असतात ते कडक होतात, शेजारची पोरं ते फोडून खायची. पाडवा झाला की साल सुटायला लागते, तिच्याखाली नख जातं. वैशाखात भर दुपारी सगळी गल्ली झोपलेली असताना थप्पीतून एकदम तड असा आवाज यायचा. मी दचकायचो. महेबूब डोळे न उघडता म्हणायचा, "बोलायलं." ज्येष्ठापर्यंत रंग जुन्या शिंगासारखा करडा होतो, पौषात दोघांनी उचललेला ओंडका एकटा माणूस उचलतो, आणि अख्खी थप्पी हातभर खाली बसलेली असते. नंतर पावसानं भिजली तरी तो घाबरायचा नाही. वरचं पाणी वेगळं, आतलं पाणी वेगळं, म्हणायचा. वरचं दोन दिवसांच्या उन्हात जातं, आतलं जायला उन्हाळा लागतो.

बाकीचे वखारवाले हिरवं लाकूड काट्यावर टाकून मोकळे व्हायचे. ओलं जड भरतं, ते कोण सोडतो? महेबूब म्हणायचा, "ते पाणी विकून राहिलेत, मी लाकूड."

पण त्याची खरी चीज वखारीच्या मागच्या कोपऱ्यात होती. तिथं एक थप्पी वेगळी असायची. जाड, निवडक बाभूळ. रचली त्या दिवशीच तिच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याची एक रेघ ओढलेली. ती चुलीसाठी विकायची नाही. भट्टीवाला येवो, लग्नाचा आचारी येवो, मी शेजारी असूनही मागो, नाही म्हणजे नाही. ती फक्त मयतीसाठी. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला सरणापाशी बसून फुंकर मारायला लावायची का, असं त्याचं म्हणणं. पावसाळ्यात सगळ्या शहरात ओलं लाकूड असलं तरी चुन्याची थप्पी वाळलेलीच असणार, हे औशापासून निलंग्यापर्यंत लोकांना माहीत होतं. मयतीचं माणूस दारात आलं की महेबूब काही विचारायचा नाही. स्वतः उठून दोन फाटी त्याच्यासमोर आपटायचा, टण्ण आवाज त्याला ऐकवायचा, आणि मगच गाडी भरू द्यायचा.

मी यावरही त्याला छळायचो. म्हणायचो, महेबूब, तुलाही शेवटी माती आणि आम्हा लिंगायतांनाही माती. आपल्या दोघांच्या मयतीला काडीचाही उपयोग नाही, मग ही थप्पी कुणाच्या काकाची? तो म्हणायचा, "आपल्याला लागत न्हाई म्हणूनच तर नीट सांभाळता येती, अप्पा."

आता त्र्याण्णव सालचं सांगतो. ते वर्ष आमच्याकडं कुणी तारखेनं सांगत नाही. भूकंपाच्या आधीचं आणि भूकंपानंतरचं, असे दोनच भाग.

आधीच्या भागात माझी चैन चालली होती. लातुरात शिकवणीच्या वर्गांचं पीक नुकतंच जोमात आलं होतं. खेड्यापाड्यांतली पोरं पत्र्याची पेटी घेऊन उतरायची, एकेका खोलीत चौघं-पाचजण राहायची, पहाटे पाठ करायची आणि दोन वेळा माझ्याकडं जेवायची. हणमंतरावांचा सुदर्शनही त्यातच होता. अकरावीला, हडकुळा, भाकरी मोजून खाणारा. त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, मला निरोप पाठवला होता, की पोराला रोज ताक द्या, त्याला मागायची लाज वाटते. मी देत होतो. तेवढं एक मी नीट केलं.

त्या गणपतीत एका मोठ्या वर्गाच्या सरांनी महाप्रसादाचं काम मला दिलं. चारशे पानं. जेवण पसंत पडलं तर वर्गाची सगळी पोरं पुढच्या सालापासून तुमच्याकडं, असं सर म्हणाले. आणि नेमका त्याच वेळी मी एक शहाणपणा करून बसलो होतो. महेबूबचं लाकूड महाग पडतं म्हणून दुसऱ्या वखारीतून गाडीभर ओली बाभूळ स्वस्तात आणून टाकली होती. पंधरा दिवस झिमझिम चालू. माझ्या चुली नुसत्या धुमसत होत्या, भाताला धुराचा वास यायचा, पोरं ताट सारून उठायची. नागुबाई, म्हणजे आमच्या मंडळी, फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून बसायच्या आणि माझ्याकडं त्या लाल डोळ्यांनी बघायच्या.

महेबूब आणि बेगमबी त्याच आठवड्यात देगलूरला भाच्याच्या लग्नाला निघाले. कुठं गावाला जायचं म्हटलं की तो वखारीची किल्ली माझ्याकडंच द्यायचा. आमच्या दाराच्या आत एक खिळा होता, त्याला स्वतःच्या हातानं अडकवायचा आणि म्हणायचा, "अमानत हाय, अप्पा." विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी येतो म्हणाला होता.

तो गेला त्याच दुपारी मी किल्ली काढली.

खानावळीतले दोघेजण हाताशी घेतले. चुन्याची थप्पी अख्खी माझ्या चुलीपाशी आणली आणि माझी ओली बाभूळ तिच्या जागी तशीच रचली, खाली ओंडके, वर पत्रा. शेवटी चुन्याची वाटी घेतली, चिंधीचा बोळा बुडवला आणि तोंडावर रेघ ओढली. एक फळी धरून ओढली, वाकडी जाऊ नये म्हणून. मला माझं कौतुक वाटलं. नागुबाई भिंतीवरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ते मयतीचं लाकूड हाय."

मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत हे बी वाळंल. तवर कोण मरायलंय?"

हे वाक्य मी हसत म्हणालो होतो. पुढं आयुष्यात मी पुष्कळ चहाटळपणा केला, पण ते वाक्य जसंच्या तसं, त्या हसण्यासकट, माझ्या कानात आहे.

महाप्रसाद असा झाला की काय सांगू. वाळलेली बाभूळ धूर करत नाही, निखारा धरून ठेवते. भात मोकळा, वरणाला रंग, जिलबी कुरकुरीत. सुदर्शनला मी वाढायला घेतलं होतं. तो लाजत लाजत जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून फिरला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

महेबूब ठरल्याप्रमाणे आला, दमलेला. खिळ्यावरची किल्ली घेतली, मला लग्नातले लाडू दिले, थप्प्या न बघताच घरात गेला. दुसऱ्या दिवशी गणपती बुडवले. त्यानंतरच्या पहाटे जमीन हलली.

लातुरात आमची भांडी फळीवरून पडली, वखारीच्या भिंतीला चीर गेली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. आम्हाला वाटलं जे व्हायचं ते आमच्याकडंच झालं. उजाडल्यावर किल्लारीचं कळायला लागलं. मी सुदर्शनला खोलीवरून आणून ओट्यावर बसवलं. दुपारी एक जीप वखारीसमोर थांबली आणि हणमंतराव उतरले. केसांत, भुवयांत, मिशीत माती. ते शेतातल्या गोठ्यात देवणी बैलांपाशी झोपले होते म्हणून राहिले. लक्ष्मीबाई आणि हणमंतरावांची म्हातारी आई, दोघी दगडाखाली गेल्या होत्या. पोराला न्यायला ते आले होते, आणि लाकडाला. तिकडं पाऊस चालू होता, जो तो मिळेल ते जाळत होता. हणमंतरावांना त्या दोघींना नीट अग्नी द्यायचा होता. ते महेबूबला म्हणाले, "तुमची चुन्याची थप्पी हाय, म्हणून एवढ्या लांब आलो."

महेबूब म्हणाला, "तुमच्याच बांधावरची हाय, मालक. सगळी घेऊन जा."

तो मागं गेला, सवयीनं दोन फाटी उचलली. मी भिंतीपलीकडं उभा होतो. त्यानं ती आपटली नाहीत. उचलतानाच त्याला कळलं असणार. वाळलेल्या फाट्याचं वजन त्याच्या हाताला पाठ होतं. त्यानं हातातल्या लाकडाकडं बघितलं, मग थप्पीच्या तोंडाकडं. मग त्यानं फाटी खाली ठेवली आणि म्हणाला, भरा.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. भिंत डोक्याएवढीच होती. पण बोलून काय झालं असतं, असं मी स्वतःला त्याच क्षणी सांगून टाकलं. दुसरीकडं कुठंच वाळलेलं लाकूड नव्हतं. हे खरं होतं, पण मी गप्प बसलो ते या कारणानं नाही.

ट्रक मिळाला. महेबूब बसला, मीही बसलो. सुदर्शन बापाबरोबर जीपमध्ये. औसा गेलं तेव्हा म्हणालो, पुढच्या मैलाला सांगू. मग पुढच्या. महेबूब खिडकीतून बाहेर बघत होता. मी, ज्याला दोन मिनिटं गप्प बसता येत नाही तो मी, किल्लारीपर्यंत तोंडातून शब्द न काढता गेलो, आणि त्यालाही ते नवल वाटलं नाही.

सरणाचं फार सांगत नाही. लाकूड पेटेना. कापलेल्या तोंडातून पांढरा फेस यायचा, चुरचुर आवाज व्हायचा आणि धूर जमिनीलगत पसरायचा. रॉकेल ओतलं की भडकायचं, रॉकेल संपलं की विझायचं. सुदर्शन वाकून फुंकत होता, नागुबाई चुलीला फुंकायच्या तसा. हणमंतराव महेबूबकडं वळले. आवाज चढवला नाही.

"महेबूब, आज तरी वाळलेलं द्यायचं होतं."

महेबूबनं मान खाली घातली. म्हणाला, "चूक झाली, मालक."

मी त्याच्यापासून चार हातांवर होतो.

हणमंतराव नंतर कुणाशी काही बोलले की नाही, ठाऊक नाही. पण तिथं दहा माणसं उभी होती. महिन्याभरात गंजगोलाईत ते वाक्य फिरायला लागलं, आणि फिरता फिरता मोठं झालं. महेबूबनं भूकंपातल्या मयतींना ओलं लाकूड दिलं. महेबूबनं वाळलेलं आधीच विकून टाकलं होतं. चुन्याची थप्पी म्हणजे नुसता चुना. हे शेवटचं माझ्यासारख्याच कुणीतरी बनवलं असणार. बातमी कशी फुगते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इतकी वर्षं मीच भाता चालवला होता.

आणि आता माझं खरं पाप ऐका. पानाच्या टपरीवर मला लोकांनी विचारलं, अप्पा, तुम्ही तर भिंतीला भिंत लावून राहता, यात खरं किती? मी काही बोललो नाही. सुपारी तोंडात टाकली आणि दुसरीकडं बघितलं. रेवणप्पा एखाद्या गोष्टीवर गप्प बसतो म्हणजे ती शंभर टक्के खरी असली पाहिजे, असा लोकांनी हिशेब केला. मी उघड खोटं बोललो असतो तर कुणी विश्वास ठेवला नसता.

मयतीची माणसं महेबूबकडं यायची थांबली. भट्टीवाले आले, बिर्याणीचे आचारी आले, पण ज्याच्या दारात तिरडी बांधली जात होती तो माणूस वखारीवरून पुढं जायचा. महेबूबनं तरीही थंडीत थप्पी रचायचं सोडलं नाही. दरसाल नवी थप्पी, दरसाल चुन्याची रेघ. वाळलेलं लाकूडही कायम राहत नाही. दोन-तीन वर्षांनी त्यात भुंगा शिरतो, खाली पिवळी पूड पडते, फाटं हलकं होतं, नुसतं कागदासारखं जळतं. मग तो जुनी थप्पी वीटभट्टीला द्यायचा आणि नवी रचायचा. न येणाऱ्या माणसांसाठी.

आणि गावाला जाताना किल्ली माझ्याच खिळ्याला अडकवायचा. 'अमानत' म्हणायचं मात्र त्यानं बंद केलं. नागुबाई किल्लीकडं बघायच्या, मग माझ्याकडं. सुरुवातीला म्हणायच्या, आज तरी जाऊन सांगा. मी म्हणायचो, उद्या. पुढं त्यांनी म्हणायचं सोडलं, आणि ते जास्त वाईट झालं.

दरम्यान लातूर फुगत गेलं. वर्गांच्या इमारती झाल्या, गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो चौकाचौकात लागले, बापलोक परभणी-बीडहून पोरांच्या गाद्या टपावर टाकून यायला लागले. माझी खानावळ आता 'मेस' झाली, गॅस आला, पाटी रंगली. सरांनी शब्द पाळला होता. त्या वर्गाची सगळी पोरं माझ्याकडं, वर्षामागून वर्षं. ती जेवून तृप्त झाली की मला जिलबी आठवायची. सुदर्शन शिकला आणि त्याच वर्गात भौतिकशास्त्र शिकवायला लागला. लातुरातच घर घेतलं, पुनमशी लग्न झालं, आणि किल्लारीच्या नव्या गावातल्या पत्र्याच्या घरात एकटे राहणाऱ्या बापाला आणलं. हणमंतराव कधीमधी माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. वखारीकडं पाठ करून बसायचे.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ते ओट्यावर होते, महेबूब भिंतीपलीकडं होता, मी मधे. दर वेळी मी त्यांना ताक विचारायचो आणि दुसरं काही बोलायचो.

भूकंपाला तेरा वर्षं होत आली होती तेव्हा, भर श्रावणात, हणमंतराव गेले. झोपेतच. आठवडाभर पाऊस हटला नव्हता. सकाळी सुदर्शन माझ्याकडं आला, बरोबर वर्गातले दोन-तीन मास्तर आणि गल्लीतली माणसं. स्मशानातलं लाकूड भिजून चिंब झालं होतं. सुदर्शन ओट्यावर बसला. हाताची बोटं एकमेकांत घालून म्हणाला, "अप्पा, वाळलेलं लाकूड कुठं मिळंल? आईच्या वेळंचं मला परत बघायचं न्हाई."

कुणीतरी वीटभट्टीचं नाव घेतलं, कुणी औशाचं. शेजारच्या वखारीचं नाव कुणी काढलं नाही. उलट एकजण हळूच म्हणाला, इथं तेवढं नको. आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी नेहमीसारखा गप्प राहीन म्हणून.

दारात नागुबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

मी म्हणालो, "सुदर्शन, तुझ्या आईचं लाकूड मी जाळलं."

त्याला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. किल्ली, महाप्रसाद, ओली बाभूळ, फळी धरून ओढलेली रेघ. पानटपरीवरचं गप्प बसणंही सांगितलं. 'तवर कोण मरायलंय' हेही सांगितलं, कारण ते ठेवून घेतलं असतं तर मी परत निम्मंच सांगितलं असतं. सांगताना माझा आवाज गोष्ट सांगताना असतो तसा नव्हता; एकेक वाक्य ओढून काढावं लागत होतं.

सुदर्शन जमिनीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी जिलबी मी वाढली होती."

"हां."

"दोन मी पण खाल्ल्या होत्या, अप्पा."

तो उठला, वखारीच्या दारात गेला. मी मागं गेलो, लांबूनच. महेबूब पाण्याच्या पिंपापाशी चूळ भरत होता. म्हातारा झाला होता तोही, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सुदर्शन म्हणाला, "चाचा, बाबा गेले. लाकूड पायजे. अप्पांनी आत्ता सगळं सांगितलं."

महेबूबनं माझ्याकडं बघितलं. हसला नाही, रागावलाही नाही. सुदर्शनच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागच्या कोपऱ्यात नेलं आणि दोन फाटी उचलून त्याच्या कानाशी आपटली. टण्ण. त्या वखारीत तो आवाज मयतीच्या माणसासाठी तेरा वर्षांनी झाला.

गाडी भरेपर्यंत मी थप्पीपाशी उभा राहिलो. मी विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, त्याच दिवशी. बेगमबीलाही ठाऊक होतं. मी विचारलं, कसं? त्यानं थप्पीच्या तोंडाकडं बोट दाखवलं.

एवढी वर्षं मी भिंतीवरून ती थप्पी बघत आलो होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. रेघ सरळ नव्हती. थंडीत रचताना तो ती सरळच ओढायचा, पण वाळताना प्रत्येक फाटं आपापल्या परीनं आकसतं, पीळ खातं, खाली बसतं. एका फाट्यावरचा चुना वर राहतो, शेजारच्यावरचा दोन बोटं खाली जातो. उन्हाळा संपेपर्यंत रेघेचे तुकडे होतात, मोडक्या पायऱ्यांसारखे. ती खूण थप्पी ओळखायला नव्हतीच. ती वाळली का ते बघायला होती.

महेबूब म्हणाला, "तुमची रेघ लई सरळ होती, अप्पा."

मी विचारलं, मग त्या वेळी किल्लारीत बोलला का नाहीस? तो म्हणाला, किल्ली त्यानंच दिली होती. ज्याच्या बायकोचं सरण पेटेना त्या माणसाला शेजाऱ्याचं नाव सांगून काय मिळणार होतं? आणि नंतर म्हणाला, "तुम्ही सांगाल, म्हणून थांबलो."

गाडी भरली. सुदर्शन चढला. महेबूब मला म्हणाला, "त्याच्या बापाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्याकडं पाठ करून बसायचा. मला इकडून त्याची पाठ दिसायची."



हणमंतरावांचं सरण पहिल्याच काडीला लागलं म्हणतात. मी स्मशानात गेलो नाही. जायला तोंड नव्हतं. ओट्यावरून पश्चिमेकडं बघत बसलो. धूर दिसतो का बघत होतो, तो दिसला नाही.

गोष्ट गावात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. या वेळी मीच पसरवली, टपरीवर, गोलाईत, वर्गाच्या फाटकापाशी, न फुगवता. लोकांना ती फार आवडली नाही. माझ्या गोष्टींत त्यांना दुसऱ्याची फजिती लागते. पण मयतीची माणसं परत महेबूबच्या दारात यायला लागली. फार नाहीत, आता गॅसची दाहिनी झाली, लाकूड मागणारे कमीच.

त्या दिवाळीत महेबूब आणि बेगमबी देगलूरला निघाले. मी सवयीनं दारात उभा राहिलो. तो पिशवी घेऊन माझ्यासमोरून गेला, सलाम केला आणि टपरीवाल्याच्या हातात किल्ली दिली. तो परत आल्यावर मी हसत हसत, म्हणजे हसायचा प्रयत्न करत, विचारलं, काय रे, आता आमच्यावर भरवसा नाही का? तो म्हणाला, "तसं न्हाई, अप्पा. एवढी सालं किल्ली देत होतो, ती कधीतरी परत देताना बोलाल म्हणून. बोललात. आता कशाला?"

असं म्हणून तो पलीकडं गेला आणि लाकूड फोडायला लागला.

आमच्या दाराच्या आतला खिळा अजून तिथंच आहे. नागुबाई त्याला चहाची गाळणी अडकवतात.